अक्कांच्या हिरड्या आणि आपलाच राग



दशलक्षण पर्व संपलं. क्षमावाणीच्या दिवशी फोन करून, भेटून सगळ्यांची क्षमा मागून झाली. त्यातली सगळ्यात अवघड क्षमा मला घरातच मागायची होती, माझ्या सासूबाईंची. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. कारण ऐकून काहीजणी हसाल. कारण होतं त्यांच्या हिरड्या. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण मी जी चूक केली ती बऱ्याच घरांत रोज सकाळी होत असणार.

अक्का म्हणजे आमच्या मंदिरातलं भक्तामर. सकाळी अभिषेक झाला की बायका बसणार, सुरुवात अक्का करणार आणि ४८ श्लोक पूर्ण होईपर्यंत बाकीच्या त्यांच्यामागं म्हणणार, असं वर्षानुवर्षं चाललेलं. तीनेक वर्षांपूर्वी त्या हळूच मागच्या रांगेत बसायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, "आता तरण्या पोरींनी म्हणावं की." घरात बोलतानाही पदर तोंडाशी. पेरू नको, शेंगदाणे नकोत, भाकरी दुधात कुस्करून. मला वाटलं, वय झालं. मग एक दिवस माझी लेक म्हणाली, "आजी, तू 'स' म्हणतेस तेव्हा शिट्टी वाजते." सगळे हसलो. अक्काही हसल्या, आणि त्या दिवसापासून मंदिरात त्यांनी तोंडच उघडलं नाही. खालचे पुढचे दोन दात हलत होते. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

माझी चूक त्याच्याही आधीची. एका सकाळी बेसिनमध्ये मी रक्त पाहिलं होतं. मीच मोठ्या शहाणपणानं सांगितलं, "अक्का, तुम्ही फार जोरात घासताय. ब्रश बंद करा, बोटानं मीठ-तेल लावा." त्यांनी ऐकलं. रक्त दिसायचं थांबलं. आम्ही दोघीही खूश. आज कळतंय की बोट हिरडीच्या कडेपर्यंत पोचतच नव्हतं, म्हणून रक्त दिसत नव्हतं. आजार मात्र आत निवांत चालू होता.

शेवटी दवाखाना गाठला. पहिल्या ठिकाणी पाच मिनिटांत निकाल लागला, "सगळे काढा आणि कवळी बसवा." अक्का रिक्षात रडल्या. घरी येऊन म्हणाल्या, "कवळीनं मला भक्तामर म्हणता येईल का गं?" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांना खरं काय बोचतंय.

दुसऱ्या ठिकाणी हिरड्यांच्या तज्ज्ञ असलेल्या एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी खुणा केलेली एक बारीक सळई घेतली आणि प्रत्येक दाताभोवती हिरडी आत किती खोल सुटली आहे ते मोजलं. निरोगी हिरडीत ही सळई साधारण १ ते ३ मिलिमीटर आत जाते. अक्कांच्या मागच्या दाढांना ५ आणि ६ आले, पुढच्या त्या दोन दातांना ७. एक्स-रेमध्ये दाताभोवतीचं हाड खाली उतरलेलं दिसत होतं.

अक्कांनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला. "माझा एकही दात किडलेला नाही. मग हलतात कशानं?"

डॉक्टर म्हणाल्या, "दात चांगलेच आहेत, आजी. ज्या हाडात ते रोवलेत ते हाड गेलंय. खांब धड आहे, जमीन खचलीय. आणि ते हाड जंतूंनी कुरतडलेलं नाही. तुमच्याच शरीरानं ते काढून घेतलंय."

त्यावर अक्का गप्प झाल्या. मीही. हे नीट समजून घ्यायला मला पुढे बरेच दिवस लागले. वाचलं, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं. जे कळलं ते आपल्या भाषेत सांगते.

आपण दात घासले की काही तासांतच त्यांच्यावर जंतूंचा पातळ थर बसायला लागतो. तोंडात जंतूंच्या शेकडो जाती राहतात आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. हिरडी आणि दात यांच्यामधल्या बारीक फटीत आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कायम पहाऱ्यावर असतात, अगदी निरोगी तोंडातसुद्धा. थर रोज निघत असेल तर पहारेकऱ्यांना फारसं काम नसतं. थर साचत गेला की पेशी मदत मागवतात. रक्तवाहिन्या फुगतात, हिरडी लाल आणि मऊ होते, जरा धक्का लागला की रक्त येतं. म्हणजे ते रक्त ब्रशमुळे येत नाही. तिथं आधीच लढाई चालू असते, ब्रश फक्त ती दाखवून देतो.

ही लढाई किती लवकर सुरू होते, हे १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी, त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणं पूर्ण बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. दहा दिवस! आपल्या पर्वाएवढेच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सूज तेवढ्यावर थांबली तर काहीच बिघडत नाही. पण थर वर्षानुवर्षं तसाच राहिला, लाळेतल्या क्षारांनी त्याचा दगड झाला, तर लढाई संपतच नाही. पांढऱ्या पेशी जंतूंना मारायला जी द्रव्यं सोडतात, ती आपल्या आणि परक्यात फरक करत नाहीत. हिरडीला दाताशी बांधून ठेवणारे धागेही त्यात विरघळतात. जागा सुटते, खिसा तयार होतो, त्यात आणखी जंतू बसतात, म्हणून आणखी पेशी येतात. शरीरात जुनं हाड काढून टाकणाऱ्या पेशी असतात, एरवी त्या हाडाची डागडुजी करायला मदत करतात. सुजेचे निरोप सतत येत राहिले की त्या दाताभोवतीचं हाड काढायला लागतात, आणि नवीन हाड त्या वेगानं भरत नाही. आपले आजी-आजोबा ज्याला पायोरिया म्हणायचे, तो हा आजार. दुखत फारसं नाही, म्हणून दात हलेपर्यंत कळत नाही.

घरी आल्यावर अक्कांनी दुसरा प्रश्न काढला. "माझी धाकटी बहीण. एकाच घरात वाढलो, एकाच राखुंडीनं दात घासले. तिचे दात अजून ऊस सोलतात. मग माझेच का? कर्मच म्हणायचं."

याचंही उत्तर लो यांच्याच पुढच्या कामात सापडलं. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवर काम करणाऱ्या ४८० तरुण मजुरांना त्यांनी १९७० पासून १५ वर्षं तपासलं. ही माणसं दात घासायचीच नाहीत. थर सगळ्यांच्या दातांवर, हिरड्या सगळ्यांच्याच सुजलेल्या. तरीही १०० पैकी ८ जणांचा आजार झपाट्यानं वाढला, ८१ जणांचा मध्यम गतीनं, आणि ११ जणांचा सुजेच्या पुढं गेलाच नाही. थर सगळ्यांवर होता. त्याला कुणाचं शरीर कसं उत्तर देतं, यात मोठा फरक होता. स्वाध्यायात आपण निमित्त आणि उपादान शिकतो ना, मला तेच आठवलं.

इथं एक गैरसमज दूर करते. मी सुरुवातीला म्हटलं, "म्हणजे अक्कांची प्रतिकारशक्ती कमी पडली. काढा देऊ या." डॉक्टरांनी मान हलवली. काही मुलांमध्ये जन्मतःच या पहारेकरी पेशी फार कमी असतात किंवा हिरडीपर्यंत पोचत नाहीत. त्यांचे दात लहान वयातच हलतात. म्हणजे पहारा हवाच. पण अक्कांसारख्या बहुतेकांमध्ये पहारा कमी पडत नाही, तो थांबत नाही. त्यामुळे "इम्युनिटी वाढवा" म्हणून मोबाइलवर येणारे काढे आणि चूर्णं इथं उपयोगी पडत नाहीत. भांडणाचं कारण काढून टाकलं की पेशी आपोआप शांत होतात.

अक्कांच्या बाबतीत या भांडणात तेल ओतणाऱ्या दोन गोष्टी होत्या. एक मधुमेह. रक्तात साखर जास्त राहिली की सूज जास्त भडकते आणि भरून यायला वेळ लागतो. उलट, हिरड्यांची सूज साखरही आटोक्यात येऊ देत नाही. मधुमेह असलेल्यांच्या हिरड्यांवर उपचार केले तर पुढच्या तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरीची साखर थोडी खाली येते, असं बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. घट छोटी असते, काही दशांशांची, पण असते.

दुसरी गोष्ट मिसरी. लिहायला संकोच वाटतोय, पण आमच्या भागात जुन्या बायकांमध्ये ती होती आणि अजूनही आहे. अक्कांनी आठ वर्षांपूर्वी माताजींसमोर नियम घेऊन ती सोडली. "मिसरी होती तोवर रक्त येत नव्हतं, सोडली आणि दात बिघडले," असं त्या नेहमी म्हणायच्या. डॉक्टरांनी सांगितलं की तंबाखूनं सुजलेल्या हिरडीतूनही रक्त कमी येतं, म्हणून आजार झाकलेला राहतो. तंबाखू सुटली आणि झाकण निघालं, एवढंच. शिवाय मिसरीनं हिरडी मागं सरकते आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती असते, ती वेगळीच. ज्यांच्या घरी अजून कुणी लावत असेल त्यांनी हा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवावा.

खरी अडचण मात्र धर्माच्या बाजूनं आली. डॉक्टर म्हणाल्या, "रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करायचाच." अक्कांचा सूर्यास्तानंतर पाण्याचाही त्याग. उपवासाच्या दिवशी तोंडात पाण्याचा थेंब नाही. वर त्यांचा मुद्दा असा की मुनीमहाराज दात घासत नाहीत, तो तर मूलगुण आहे, मग आपण का एवढं करायचं? आणि तोंडातले जीव रोज घासून काढायचे, ही हिंसा नाही का?

आमच्या गावी चातुर्मासाला आर्यिका माताजी होत्या. आम्ही दोघी दर्शनाला गेलो आणि अक्कांनी सगळं विचारलं. माताजी म्हणाल्या, "अदंतधावन हा साधूंच्या २८ मूलगुणांपैकी एक. त्याच्या शेजारीच दिवसातून एकदाच आहार, तोही उभ्यानं, हे मूलगुण आहेत. तुम्ही चहा किती वेळा घेता?" अक्का हसल्या. मग माताजींनी विचारलं, "धान्यात किडे होतात तेव्हा काय करता?"

अक्का म्हणाल्या, "होऊच देत नाही. निवडून, ऊन देऊन ठेवते."

"मग तोंडाचंही तसंच. साचू दिलं की जीव वाढतात. साचायच्या आधी काढणं यातच विवेक आहे."

माताजींच्या या एका वाक्यानं जे काम झालं ते डॉक्टरांच्या दहा वाक्यांनी झालं नसतं.

परत येताना माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. क्रोध कषायाचे चार प्रकार आपण पाठशाळेपासून ऐकतो. पाण्यावरची रेघ, वाळूतली रेघ, जमिनीतली भेग आणि दगडावरची रेघ. हिरडीची सूज चार दिवसांची असते तेव्हा ती पाण्यावरच्या रेघेसारखी. स्वच्छता केली की मिटली, खूणही राहत नाही. तीच वर्षानुवर्षं चालली की दगडावरची रेघ. गेलेलं हाड सहसा आपलं आपण परत येत नाही. आणि दोन्हीकडं जळतं ते आपलंच घर. समोरच्यानं सुरुवात केली हे खरं, पण आपलं नुकसान आपला न थांबलेला राग करतो. दृष्टांत दृष्टांतापुरताच घ्यावा, शरीर म्हणजे काही आत्मा नव्हे. पण उत्तम क्षमेच्या दिवशी प्रवचन ऐकताना यंदा मला अक्कांचा एक्स-रे दिसत होता.

आता आम्ही घरी काय करतो ते सांगते. संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत होतं. त्यानंतर लगेच, सूर्यास्ताआधी, अक्का मऊ ब्रशनं दोन मिनिटं दात घासतात. ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरका धरायचा आणि हलक्या हातानं फिरवायचा. मग दातांच्या फटींत बारीक ब्रश. त्यानंतर सकाळपर्यंत तोंडात काहीच जात नसल्यामुळे दात रात्रभर स्वच्छ राहतात. रात्रिभोजन त्यागाचा हा फायदा आधी लक्षातच आला नव्हता. सकाळी पुन्हा एकदा.

उपवासाच्या आदल्या संध्याकाळी स्वच्छता जरा जास्त नीट. थर निघतो तो मुख्यतः ब्रशच्या केसांनी, पेस्टनं नव्हे. त्यामुळे उपवासाच्या दिवशी ज्यांच्या नियमात बसतं त्यांनी कोरडा मऊ ब्रश फिरवला तरी काम होतं. ज्यांच्या नियमात बसत नाही त्यांनी पारण्यानंतर आधी दात घासावेत. एका दिवसानं काही बिघडत नाही. पण सलग दहा उपवास करणाऱ्यांनी तो डेन्मार्कचा आकडा आठवावा. निरोगी हिरडी नंतर सावरते. मधुमेह असेल, आधीच हिरड्या सुटलेल्या असतील, तर डॉक्टरांना आणि आपल्या गुरूंना विचारूनच ठरवावं. मधुमेहात उपवास करण्याआधी तर विचारायलाच हवं. अक्कांनी यंदा डॉक्टरांच्या सल्ल्यानं दहा दिवस एकासन केलं.

तरुण मैत्रिणींसाठी एक गोष्ट. गरोदरपणात संप्रेरकं बदलतात आणि थोड्याशा थरालाही हिरडी जास्त भडकून उत्तर देते. माझ्या वेळी पाचव्या महिन्यात रोज रक्त यायचं आणि "या दिवसांत असतंच" म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. तेव्हाही उपाय हाच, नीट घासणं आणि दंतवैद्याला दाखवणं.

आणि "साफ करून घेतलं की दात हलायला लागतात" यावर विश्वास ठेवू नका. दगडानं भरलेली जागा मोकळी होते, सूज उतरते, म्हणून चार दिवस फटी जाणवतात आणि दात शिवशिवतात. अक्कांनाही तसंच झालं. आठ-दहा दिवसांत गेलं.

चार वेळा बोलावून डॉक्टरांनी मुळापर्यंत साफ केलं. पुढच्या दोन दातांपैकी एक काढावाच लागला. दुसरा शेजारच्या दातांना बांधून टिकवला आणि काढलेल्याच्या जागी एक नकली दात बसवला. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा ६ चे ४ झाले होते, रक्त जवळजवळ थांबलं होतं. तीन महिन्यांची साखर ८.२ वरून ७.७ वर आली. त्यात गोळ्यांचा आणि चालण्याचाही वाटा आहे. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं, कायमचं.

क्षमावाणीच्या दिवशी मी अक्कांच्या पाया पडून म्हटलं, "ब्रश बंद करा असं मीच सांगितलं होतं. तुमचा दात माझ्यामुळं गेला." त्या म्हणाल्या, "अगं, मला तरी कुठं ठाऊक होतं? मी तर तुझ्यापासून लपवलं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मंदिरात उशीर होतोय, चल."

त्या दिवशी भक्तामरची सुरुवात त्यांनी केली. 'स' अजून जरा घसरतो. कुणी हसलं नाही, आणि ४८ श्लोक पूर्ण झाले.

तुमच्या घरात कुणी पदर तोंडाशी धरून बोलत असेल, पेरू नको म्हणत असेल, बेसिनमध्ये रक्त दिसत असेल, तर "वय झालं" म्हणू नका. "ब्रश बंद करा" तर अजिबात म्हणू नका. विचारा, आणि दाखवायला घेऊन जा.

लिहिताना काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.